सोलमध्ये पाठीवर बॅग घेऊन उतरताना: पहिल्या दोन दिवसांचा क्रम

सोलला जाऊन आलेली मंडळी भेटली की तीन तक्रारी हमखास ऐकू येतात. शहर महाग आहे, चालून चालून पाय गेले, आणि जेवायला धड काही मिळालं नाही. जरा खोदून विचारलं की खरी गोष्ट कळते. विमानतळावर चुकीची गाडी धरलेली असते, फोनमध्ये चुकीचा नकाशा असतो, आणि पहिल्या दिवशी सगळी बॅग पाठीवर घेऊनच राजवाडा गाठलेला असतो. दोष शहराचा नसतो, कामांचा क्रम उलटा झालेला असतो.

सोल बॅकपॅकवाल्यासाठी फार सोयीचं शहर आहे. मेट्रो जवळपास सगळीकडे जाते, नळाचं पाणी पिता येतं, मेट्रो स्थानकांत स्वच्छ आणि फुकट स्वच्छतागृहं आहेत. पण या सोयी हाताला लागायला आधी पाच-सहा गोष्टी ठरलेल्या क्रमाने कराव्या लागतात. तो क्रम खाली देतो आहे. घाई असेल तर टप्पा ३ आणि टप्पा ५ तरी नीट वाचा, बहुतेकजण तिथेच अडकतात.

## टप्पा १: घरून निघण्याआधी

व्हिसा आणि अरायव्हल कार्ड. भारतीय पासपोर्टवर कोरियाचा पर्यटन व्हिसा आधी काढावा लागतो. ‘के-ईटीए’ नावाची ऑनलाइन परवानगी व्हिसामाफी असलेल्या देशांसाठी आहे, ती भरून आपलं काम होत नाही. कोरियाचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे, तिथली कागदपत्रांची ताजी यादी पाहूनच तयारीला लागा. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरता येतं आणि ते फुकट आहे. त्यासाठी कुठल्याही संकेतस्थळाने पैसे मागितले तर ते सरकारी नाही, लगेच बंद करा.

तारखा. सोल्लाल म्हणजे चांद्र नववर्ष, आणि छुसोक म्हणजे शरदातला मोठा सण. या दोन्ही सणांना निम्मा देश गावी जातो. लहान खाणावळी बंद असतात आणि रेल्वेची तिकिटं आधीच संपलेली असतात. जूनच्या शेवटापासून जुलैच्या शेवटापर्यंत ‘जांगमा’ म्हणजे तिथला पावसाळा. जानेवारीत पारा उणे दहापर्यंत उतरतो. पहिल्यांदा जाणार असाल तर माझं मत ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरची सुरुवात.

बॅग. आठ-नऊ किलोंच्या वर जाऊ नका. सोल सपाट नाही. गल्ल्या चढतात, उतरतात, मधेच पायऱ्या होतात, आणि मेट्रोची स्थानकं खोल आहेत. चाकांच्या बॅगेपेक्षा पाठीवरची बॅग इथे बरी, पण हलकी असेल तरच. बाकी काय घ्यायचं ते तुम्हाला ठाऊक आहे, विसरल्या जातात त्या चार गोष्टी अशा:

- पटकन घालता-काढता येणारे बूट. गेस्टहाउसात आणि बऱ्याच खाणावळींत बूट काढावे लागतात. म्हणजे मोजेही धड हवेत.
- प्लगचा अडॅप्टर. कोरियात वीज २२० व्होल्ट आहे, त्यामुळे चार्जर चालतात. पण सॉकेट दोन गोल पिनांचं असतं. आपला मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर बहुधा बसतो, जरा सैल बसतो इतकंच. लॅपटॉपचा तीन पिनांचा प्लग मात्र बसत नाही.
- पॉवर बँक. ती हातातल्या बॅगेतच ठेवा, सामानात टाकू नका. कोरियन विमान कंपन्या ती वरच्या कप्प्यातही ठेवू देत नाहीत, आपल्याजवळच बाळगावी लागते.
- एक-दोन रिकाम्या प्लास्टिक पिशव्या. कशासाठी, ते टप्पा ८ मध्ये येईल.

फोन. ही सगळ्यात महत्त्वाची तयारी. गूगल मॅप्सच्या भरवशावर सोलमध्ये उतरू नका. सविस्तर नकाशाचा डेटा देशाबाहेर नेण्यावर कोरियाने बरीच वर्षं निर्बंध ठेवले, त्यामुळे पायी कसं जायचं ते गूगल तिथे नीट सांगत आलेलं नाही. घरूनच नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप टाकून घ्या. दोन्ही इंग्रजीत चालतात. भाषांतरासाठी पापागो घ्या आणि त्यातली कोरियन भाषा ऑफलाइन उतरवून ठेवा.

मुक्कामाचा पत्ता कोरियन लिपीत कॉपी करून नेव्हर मॅपमध्ये शोधा आणि जागा सेव्ह करा. त्याचा स्क्रीनशॉटही काढा. इंग्रजी स्पेलिंगने शोधलं तर एकाच नावाच्या चार जागा येतात, नाहीतर एकही येत नाही.

दोन-तीन संध्याकाळी बसून हांगुल, म्हणजे कोरियन लिपी, वाचायला शिका, ही माझी मनापासूनची विनंती. मूळ व्यंजनं १४ आणि स्वर १०, बस. बाराखडीत वाढलेल्या माणसाला व्यंजनाला स्वर जोडून अक्षर करणं शिकवावं लागत नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवा: शब्दाच्या सुरुवातीचा त्यांचा ‘ग’ आपल्याला कधी ‘ग’ ऐकू येतो, कधी ‘क’. म्हणून गिंपो विमानतळ आणि किंपो विमानतळ एकच. अर्थ कळला नाही तरी पाटी वाचता आली की मेनूकार्डवरचं ‘बिबिंबाप’, म्हणजे भाज्या घालून कालवून खायचा भात, सापडतं, आणि भुकेल्या पोटी तेवढं पुरतं.

> निघण्याआधी तपासा: कोरियन पत्त्याचा स्क्रीनशॉट आहे का? गेस्टहाउसच्या दाराचा कोड किंवा चेक-इनच्या सूचना आल्या आहेत का, आणि त्या इंटरनेटशिवाय उघडतात का? ई-सिम घरच्या वाय-फायवर टाकून ठेवलं आहे का?

शेवटच्या प्रश्नामागे माझा अनुभव आहे. पहिल्या खेपेला ई-सिम तिथे गेल्यावर चालू करू म्हणून ठेवलं. गेस्टहाउसच्या दाराचा कोड मेलवर आला होता आणि मेल उघडायला नेट नव्हतं. मालक तिथे राहत नव्हता. रात्री दहा वाजता, बारीक पावसात, बंद दारासमोर मी पाऊण तास उभा होतो. शेवटी आतून बाहेर पडणाऱ्या एका मुलीने दार धरून ठेवलं.

## टप्पा २: इंचॉन विमानतळावर, याच क्रमाने

कोरियाचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. इमिग्रेशनमधून बाहेर पडल्यावर थकवा असतो आणि समोर दिसेल त्या गाडीत बसावंसं वाटतं. दहा मिनिटं थांबा आणि ही कामं ओळीने करा.

1. नेट चालू करा. ई-सिम नसेल तर आगमन कक्षातच सिमचे काउंटर आहेत.
2. थोडी रोख काढा. विमानतळावरचा दर चांगला नसतो, म्हणून लागेल तेवढेच बदला. पन्नास हजार वॉन पहिल्या दिवसाला खूप झाले. हजार वॉन म्हणजे ढोबळमानाने साठ-पासष्ट रुपये. घरून रुपये नेऊ नका, डॉलर न्या किंवा फॉरेक्स कार्डावर ‘ग्लोबल’ लिहिलेल्या एटीएममधून काढा. उरलेले डॉलर शहरात म्योंगदोंग या बाजारपेठेच्या भागातल्या मनी चेंजरकडे बदला, तिथे दर बरा मिळतो.
3. टी-मनी कार्ड घ्या, मेट्रो आणि बसचं भाडं याच कार्डातून जातं. कुठल्याही कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये मिळतं. कार्डाची किंमत वेगळी आणि आतले पैसे वेगळे. भरायला रोखच लागेल असं धरून चाला. दोन दिवसांना वीस हजार वॉन पुरतात. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, दोघांत एक चालत नाही.
4. मगच गाडी.

गाडीत सर्वांत जास्त लोक चुकतात. विमानतळावरून शहरात जाणाऱ्या एरेक्स रेल्वेच्या दोन गाड्या आहेत. नारिंगी पाट्यांची एक्सप्रेस कुठेही न थांबता थेट सोल स्टेशनला जाते, टर्मिनल १ वरून ४३ मिनिटांत. निळ्या पाट्यांची गाडी सगळीकडे थांबते आणि साधारण तासाभरात तिथेच पोहोचते. निळ्या गाडीचं भाडं एक्सप्रेसच्या निम्म्याहूनही कमी आहे, वेगळं तिकीट काढावं लागत नाही, टी-मनी टेकवलं की झालं.

एक्सप्रेसने वाचतात जेमतेम पंधरा-सतरा मिनिटं. शिवाय बरेच बॅकपॅकवाले उतरतात होंगदे भागात, म्हणजे होंगइक युनिव्हर्सिटी स्थानकावर, आणि ते सोल स्टेशनच्या आधी येतं. एक्सप्रेसने गेलात तर ते मागे टाकून पुढे जाल आणि परत याल. सोल स्टेशनचा एरेक्सचा फलाट जमिनीखाली सात मजले आहे. तिथून १ किंवा ४ नंबरच्या मेट्रोपर्यंत बॅग घेऊन चालायला सहज दहा मिनिटं लागतात.

> सावधान: विमान रात्री अकरानंतर उतरत असेल तर रेल्वे मिळेल असं धरू नका. रात्रीची बस कुठली, ते निघण्याआधीच पाहून ठेवा.

## टप्पा ३: स्थानक आणि एक्झिटचा नंबर

सोलमध्ये कुणी पत्ता सांगताना रस्त्याचं नाव क्वचितच घेतो. ‘अमुक स्थानक, तमुक नंबरचं एक्झिट, तिथून दोनशे मीटर’ असंच सांगतात. एका स्थानकाला आठ-दहा एक्झिट असतात, आणि चुकीच्या ठिकाणी वर आलात तर मधे आठ पदरी रस्ता असतो.

होंगइक युनिव्हर्सिटी स्थानकच घ्या. ९ नंबरचं एक्झिट म्हणजे सगळ्यांची भेटायची जागा. शुक्रवारी रात्री तिथल्या पायऱ्यांवर मुंगीला शिरायला जागा नसते. शेजारच्या योन्नाम-दोंग वस्तीतली शांत गेस्टहाउसं मात्र ३ नंबरच्या बाजूला आहेत, जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या लांबट बागेलगत. सगळे जातात म्हणून ९ ने वर आलात तर बॅग घेऊन गर्दी कापत उलटं यावं लागतं.

म्हणून क्रम असा ठेवा:

1. गाडीत बसल्या बसल्याच नेव्हर मॅपवर एक्झिटचा नंबर पाहा.
2. फलाटावर उतरल्यावर लगेच फाटकाबाहेर पडू नका. भिंतीवरचा नकाशा शोधा आणि लिफ्ट कुठल्या एक्झिटला आहे ते बघा. बऱ्याच एक्झिटना नुसत्या पायऱ्या आहेत, त्याही साठ-सत्तर. पाठीवर ओझं असेल तर लिफ्टच्या एक्झिटने वर येऊन शंभर मीटर जास्त चाललेलं परवडतं.
3. पिवळ्या पाट्यांवरच्या नंबराचा माग धरा. पाट्या इंग्रजीतही असतात.

गाडी बदलताना दिशाही बघा. काही स्थानकांत दोन दिशांचे फलाट वेगळे असतात आणि फाटकंही वेगळी. चुकीच्या बाजूने आत शिरलात तर घाबरू नका. बाहेर या, पलीकडे जा आणि पुन्हा कार्ड टेकवा. सोलच्या १ ते ९ नंबरच्या मार्गांवर त्याच स्थानकात १५ मिनिटांच्या आत परत आत गेलात तर दुसऱ्यांदा भाडं कापत नाहीत. २ नंबरचा हिरवा मार्ग वर्तुळाकार आहे, त्याला शेवटचं स्टेशन नाही. तिथे फलाटावरची पुढच्या स्थानकाची नावं वाचूनच बसा.

मेट्रोचं कमीत कमी भाडं २०२५ च्या जूनपासून १,५५० वॉन आहे. मेट्रोतून बसमध्ये किंवा बसमधून मेट्रोत ३० मिनिटांच्या आत गेलात तर नवं भाडं पडत नाही, रात्री नऊनंतर ही मुदत तासाभराची होते. पण बसमधून उतरताना कार्ड टेकवलं असेल तरच. आपल्याकडे उतरताना कुणी काही विचारत नाही, त्यामुळे हे हमखास राहून जातं आणि ‘सोल महाग आहे’ ही तक्रार बऱ्याचदा इथूनच सुरू होते.

दिवसभरात चार-पाच फेऱ्या मेट्रोने करणार असाल तर ‘क्लायमेट कार्ड’चा, म्हणजे ठरावीक दिवस हवं तितकं फिरायचा, पास पाहा. एका दिवसाचा ५,००० वॉन, तीन दिवसांचा १०,०००. एकाच भागात पायी हिंडणार असाल तर टी-मनीच स्वस्त.

## टप्पा ४: आधी बॅग उतरवा, मग शहर

चेक-इन तीन-चार वाजता, विमान सकाळी उतरलेलं, म्हणून ‘तोवर जाता जाता काहीतरी बघून घेऊ’ हा मोह होतो. तो टाळा. बहुतेक हॉस्टेलं बॅग आधी ठेवून घेतात, फक्त एक संदेश पाठवून विचारावं लागतं. तेही जमलं नाही तर मेट्रो स्थानकात लॉकर आहेत. मोठ्या बॅगेचे लॉकर कमी असतात आणि दुपारपर्यंत भरतात.

> सावधान: मेट्रो स्थानक मध्यरात्रीनंतर बंद होतं. लॉकरमधली बॅग त्याआधी काढा.

राहायला कुठे, याचं थोडक्यात उत्तर: रात्रीची वर्दळ आवडत असेल तर होंगदे, राजवाडे आणि जुन्या गल्ल्या पायी बघायच्या असतील तर जोंगनो-इन्सादोंग. पहिल्या खेपेला मी जोंगनो सुचवेन.

आता दार. लहान गेस्टहाउसात किल्ली मिळत नाही, दारावर काळं कुलूप असतं आणि त्यावर एकही आकडा दिसत नाही. नवखा माणूस बटण शोधत राहतो. त्या काळ्या पट्टीवर पूर्ण तळवा टेकवा, आकडे उजळतात. काही कुलपांवर झाकण असतं, ते वर सरकवावं लागतं. कोड दाबायचा, मग बहुधा चांदणीचं बटण. बारीक सूर वाजतो आणि आतला खटका सरकल्याचा आवाज येतो. दार मागे लागलं की आपोआप कुलूप बसतं, म्हणून रात्री बाहेरच्या बाथरूमला जाताना कोड पाठ हवा. इमारतीचं दार आणि खोलीचं दार यांचे कोड वेगळे असू शकतात.

मजल्यांची गफलतही होते. तिथे तळमजल्याला पहिला मजला म्हणतात, म्हणजे त्यांचा तिसरा तो आपला दुसरा. लिफ्टमध्ये ४ ऐवजी कधी कधी ‘एफ’ असतं.

बूट दारातल्या खालच्या पायरीवर काढा, त्यावरच्या लाकडी जमिनीवर ते टेकू देऊ नका. बाथरूममध्ये शॉवरला वेगळी खोली नसते, सगळं ओलं होतं. आपल्याला याची सवय असतेच, फक्त आतल्या प्लास्टिकच्या चपला वापरा.

## टप्पा ५: पहिलं जेवण

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पोट बिघडलं किंवा उपाशी राहिलं की दुसरा दिवस वाया जातो.

आत शिरल्यावर. किती जण आहात ते बोटांनी दाखवा. एकटे असाल तर काही जागी नकार मिळेल. निखाऱ्यावर मांस भाजून खायच्या ठिकाणी कमीत कमी दोन माणसांचं मागवावं लागतं, म्हणून ते नाही म्हणतात. वाईट वाटून घेऊ नका. एकट्याने खायला बिबिंबाप, नूडल्स आणि गिंबापची, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या रोलची, साधी दुकानं शोधा.

टेबलावर चमचे दिसले नाहीत तर टेबलाच्या कडेला हात लावून बघा. तिथे खण असतो, त्यात चमचे, धातूच्या चपट्या काड्या आणि कागदी रुमाल. पाणी आपलं आपण आणायचं. बोलवायला टेबलावर घंटीचं बटण असतं, नसेल तर ‘जोगियो’ म्हणून हाक मारा, त्यात उद्धटपणा नाही. सोबत येणाऱ्या छोट्या वाट्या, म्हणजे ‘बानछान’, फुकट असतात आणि बहुतेक ठिकाणी परत मागता येतात. पैसे निघताना काउंटरवर द्या. टिप ठेवू नका, ती पद्धत नाही.

मशीनवर ऑर्डर घेणाऱ्या जागी आधी भाषेचं बटण शोधा, बहुधा वरच्या कोपऱ्यात असतं. भाषा बदलली नाही तर पहिल्याच पडद्यावर ‘मेजांग’ की ‘फोजांग’ असं विचारतात. पहिलं इथे बसून, दुसरं बांधून.

शाकाहारी असाल तर. ‘नो मीट’ एवढं सांगून भागत नाही. कोरियन ‘गोगी’ या शब्दाने मटण, डुक्कर, गोमांस कळतं. मासा त्यात येतोच असं नाही, आणि हॅमलाही बरेचजण त्यात धरत नाहीत. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो, रश्श्याला सुकट घातलेलं असतं. बिबिंबापमध्ये बऱ्याचदा गोमांसाचा खिमा असतो. ‘याछे गिंबाप’ म्हणजे भाजीचं गिंबाप, पण त्यातही हॅम आणि खेकड्याच्या चवीची कांडी निघते, हे मला दुसऱ्या घासाला कळलं.

म्हणून पापागोत आधीच हे वाक्य कोरियनमध्ये करून सेव्ह करा: ‘मी मांस, मासे, हॅम, कोळंबी आणि माशाचा रस खात नाही.’ बोलून दाखवण्यापेक्षा पडदा दाखवा. तोंडी सांगायचंच तर ‘गोगी प्पे जुसेयो’, म्हणजे मांस काढून द्या.

बऱ्यापैकी निर्धास्त खाता येतं ते असं: भोपळ्याची गोडसर पेज ‘होबाकजुक’, लाल चवळीसारख्या कडधान्याची ‘पातजुक’, उन्हाळ्यात सोयाबीनच्या थंड दुधातल्या शेवया ‘कोंगगुक्सू’, हिवाळ्यात कन्व्हिनियन्स स्टोअरच्या काउंटरवर भाजलेलं रताळं. रस्त्यावरचा ‘होत्तोक’ म्हणजे तव्यावर दाबून भाजलेली, आत वितळलेल्या साखरेचं सारण असलेली जाड पोळी. आपली गुळाची पोळी गरम खाताना जीभ भाजते, तशीच ही भाजते, जपून. इतेवॉन भागात भारतीय खाणावळी आहेत, पण पहिल्याच रात्री तिकडे धावू नका.

बजेट. साधं बिबिंबाप नऊ ते बारा हजार वॉन, गिंबापचा एक रोल चार हजारांच्या आसपास, स्टोअरमधला तिकोनी भात दीड हजारांपर्यंत. तो तिकोनी उघडताना पाकिटावरचे १, २, ३ आकडे पाळा. मधली पट्टी आधी ओढायची, मग एक कोपरा, मग दुसरा. उलटं केलंत तर समुद्रशेवाळाचा कागद प्लास्टिकमध्येच राहतो आणि हातात नुसता भात येतो.

> तपासा: पाण्याची बाटली भरली का? दुकानातून विकत घेत राहू नका.

## टप्पा ६: पहिली संध्याकाळ

काही बघायची यादी करू नका. छोंगग्येछोन ओढ्याच्या काठाने एक तास चाला. उड्डाणपूल पाडून २००५ मध्ये हा ओढा परत उघडा केला. तो रस्त्याच्या पातळीखालून वाहतो, म्हणून वरच्या गाड्यांचा आवाज खाली उतरल्यावर एकदम कमी होतो. वाट सपाट आहे, पायांना बरं वाटतं. नऊ-दहाला परत या आणि झोपा. खिडकीबाहेर अकराला अजून गजबज असेल, ती उद्याही असेल.

## टप्पा ७: दुसरा दिवस

आधी वार बघा. ग्योंगबोकगुंग राजवाडा मंगळवारी बंद, छांगदोकगुंग सोमवारी बंद. दोन्हींची अदलाबदल करता येते, पण बंद दारासमोर उभं राहिल्यावर नव्हे, आदल्या रात्री. छांगदोकगुंगच्या मागची बाग ठरावीक वेळेच्या वेगळ्या तिकिटावर दाखवतात, ती तिकिटं आधी संपतात.

1. सकाळी साडेनऊ. ३ नंबरच्या मार्गावरचं ग्योंगबोकगुंग स्थानक, ५ नंबरचं एक्झिट. तिकीट ३,००० वॉन. हानबोक म्हणजे पारंपरिक पोशाख भाड्याने घातला तर प्रवेश फुकट, पण भाडं तिकिटापेक्षा बरंच जास्त असतं. फोटो हवे असतील तरच घ्या. पहारा बदलण्याचा सोहळा दहा वाजता मुख्य दरवाज्यापाशी.
2. साडेअकरा. पायी बुकछोन, जुन्या कौलारू घरांची वस्ती. घरांत माणसं राहतात. सर्वांत गजबजलेल्या गल्लीत पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढीच मुभा आहे, आणि २०२५ च्या मार्चपासून वेळेबाहेर आढळलं तर एक लाख वॉन दंड. पहाटेच्या रिकाम्या गल्लीचा फोटो काढायचा बेत असेल तर तो सोडा. हळू बोला, दारांतून आत डोकावू नका.
3. दुपारी ग्वांगजांग बाजार. १ नंबरच्या मार्गावर जोंगनो ५-गा स्थानक. इथे दगडी जाती दिसतील. मोटरवर गरगर फिरतात, वरून भिजवलेले मूग पडतात आणि कडेने पिवळट पीठ ओघळून खालच्या पातेल्यात जमतं. ते मोड आलेल्या कडधान्यासकट तेलात टाकतात, कडा तांबूस कुरकुरीत होतात. हा बिंदेत्तोक, आपल्या मुगाच्या धिरड्याचा जाडजूड भाऊ. शाकाहारी असाल तर पडदा दाखवून विचारा, पिठात किमची असते आणि काही ठिकाणी डुकराचं मांसही. बसण्याआधी किमतीच्या पाटीवर बोट ठेवून काय आणि किती हवं ते ठरवा. रोख जवळ ठेवा.
4. चार वाजता. ४ नंबरच्या मार्गावरच्या हेह्वा स्थानकावरून नाकसान टेकडी चढा आणि जुन्या तटबंदीच्या कडेने दोंगदेमुनच्या दरवाज्याकडे उतरा. तटबंदी एकूण १८.६ किलोमीटर आहे, हा तुकडा दोनेक किलोमीटरचा. वर पोहोचल्यावर तटाच्या दगडांकडे बघा. खाली लहान ओबडधोबड, वर मोठे चौकोनी, वेगवेगळ्या काळांत केलेली डागडुजी नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते. सूर्यास्ताला समोर सगळं शहर उतरत गेलेलं दिसतं. माझ्यासाठी सोल म्हणजे ही अर्ध्या तासाची उतरण.

यात पाचवी जागा घालू नका. एवढ्यातच वीस हजार पावलं होतात. बुखानसानचं ८३६ मीटरचं शिखर करायचं असेल तर त्याला वेगळा, पूर्ण दिवस द्या.

## टप्पा ८: वागण्यातल्या चार चुका

- कचरा. रस्त्यावर कचरापेट्या फार थोड्या आहेत. १९९५ पासून घरच्या कचऱ्याला पैसे भरून घेतलेल्या पिशव्या लागतात. म्हणूनच ती रिकामी प्लास्टिक पिशवी आणली. दिवसभराचा कचरा तीत ठेवा आणि मुक्कामी टाका.
- बसमध्ये पेय. झाकण असलेला कॉफीचा कप घेऊनही शहर बसमध्ये चढू देत नाहीत.
- जागा. मेट्रोच्या डब्याच्या टोकाच्या सीट वृद्ध आणि अपंगांसाठी, गुलाबी सीट गरोदर बायकांसाठी. गाडी रिकामी असली तरी तरुण माणसं तिथे बसत नाहीत.
- बॅग आणि आवाज. गर्दीत बॅग पोटाशी घ्या. फोनवर हळू बोला, स्पीकर लावू नका.

## अडलात तर

१३३० ही पर्यटकांची हेल्पलाइन चोवीस तास चालते, इंग्रजीत बोलतात आणि गरज पडल्यास समोरच्याशी दुभाष्याचं कामही करतात. पोलीस ११२, रुग्णवाहिका आणि आग ११९. भारताचा दूतावास हान्नाम-दोंगमध्ये आहे. मेट्रोत काही विसरलात तर वेळ आणि डब्याचा दार क्रमांक लक्षात ठेवून लगेच स्थानकाच्या कार्यालयात सांगा. फलाटावर उतरल्या उतरल्या जमिनीवर लिहिलेल्या त्या आकड्याचा फोटो काढायची सवय ठेवा.

शहर सोडताना टी-मनी फेकू नका. बुसान किंवा जेजूला जाणार असाल तर तेच कार्ड तिथेही चालतं. परत येणार असाल तर विमानतळावर जाणाऱ्या निळ्या गाडीपुरते पैसे आत ठेवा, आणि उरलेली थोडी रक्कम कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये परत मागा. ५०० वॉन कापून बाकी रोख हातात देतात, कार्डाची किंमत मात्र परत मिळत नाही.